अळणी भात आणि प्रबळचा चढ

आमच्या मंडळीच्या, म्हणजे बायकोच्या, डोक्यात कैलासाला जायचं शिरलं ते एका कीर्तनामुळे. बुवा पेणकडचे. अल्मोड्यावरून पायी पायी हिमालय ओलांडून पार तिबेटात जाऊन आलेले. तेव्हा ती वाट उघडी होती, पण जाणारे थोडे आणि परत येणारे त्याहून थोडे, असं लोक म्हणत. आमच्या गावच्या देवळात बुवांनी मानसरोवराचं वर्णन केलं. म्हणाले, एवढं पाणी की पलीकडचा काठ धड दिसत नाही, आणि ओंजळीत घेऊन प्यावं तर गोड. बाया हात जोडून बसल्या. माझी बायको घरी आली आणि चुलीपुढे न बसता दारातच उभी राहिली.

"समुद्राएवढं पानी आनि गोड? असं कसं असंल?"

मी म्हटलं, "बुवा सांगतो म्हंजे असंल."

"तुमी बगितलंय?"

"मी पनवेलच्या पुढं मुंबैशिवाय काय बगितलंय?"

"मग मी बगून येते," ती म्हणाली, आणि भात लावायला आत गेली.

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. मी चौथी शिकलेला माणूस, मिठागरात राबून म्हातारा झालो, मला लिहिण्याचं काही कळत नाही. पण गेल्या भाद्रपदात ती वारली, आणि भेटायला येणारे सगळे तिच्या हातच्या भाकरीबद्दल बोलून गेले. तिने एका हिवाळ्यात काय काय केलं ते कोणाला माहीतच नाही. जे पाहिलं ते लिहितो.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला चिकटलेलं. तिचा बाप मिठागरातला, सासरा मिठागरातला, नवरा मिठागरातला. जन्मापासून पाणी म्हणजे खारं, बांधावर चढणारं, उन्हात आटवायचं. गोडं पाणी म्हणजे डोक्यावरून आणायचं, जपून वापरायचं. त्यामुळे तिचा हट्ट देवाचा होता की पाण्याचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं तर म्हणायची, "तुमाला काय करायचंय?"

बुवा येत्या ज्येष्ठात पुन्हा एक टोळी घेऊन जाणार होते. ज्याला यायचं त्याने आधी डॉक्टरला दाखवायचं. अनवाणी कोणी यायचं नाही, बूट पाहिजेत. आणि शिमगा झाला की आपलं बोचकं आपण घेऊन त्यांच्यासमोर प्रबळगड चढून दाखवायचा. बुवा गोड बोलणारे नव्हते. म्हणाले, "वाटेत एक माणूस बसला की सगळी टोळी बसते. वर थंडी कोणासाठी थांबत नाही. तेव्हा इथेच काय ते कळू दे."

बुटांपासून सुरुवात झाली. लढाई संपल्यावर पलटणीतले जुने बूट बाजारात पडून असायचे, त्यातला एक जोड मी आणला. पुरुषी बूट, तिला सैल. पुढे चिंध्या कोंबल्या. आम्हा मिठागरवाल्यांचे पाय खाऱ्या पाण्याने फुटलेले, भेगांत मीठ गेलं तरी न कळणारे. पण त्या पायांना कातड्याचा बूट सोसेना. पहिल्या आठवड्यात टाचा सोलून निघाल्या. ती खोबरेल लावायची आणि परत घालायची. गुडघ्यापर्यंत कासोटा घालून नेसलेलं लुगडं आणि खाली शिपायाचे बूट. शेजारीण अंगणातून ओरडली, "काय गो, पल्टनीत भरती झालीस का?"

"झाले," ही म्हणाली. "पयली गोळी तुलाच घालनार हाय."

चढायची सवय करायची तर आमच्याकडे चढ कुठला? सगळं सपाट. बांध आणि चिखल. गावातला एकच डोंगर, तो म्हणजे मिठाची रास. मार्गशीर्षानंतर हंगाम सुरू झाला, राशी वाढायला लागल्या, आणि ही दुपारी जेवणाच्या सुट्टीत बूट घालून राशीवर चढायला लागली. वर, खाली, वर, खाली. मुकादमाने पाहिलं.

"ओ बाय! मीठ खायला हाय, तुडवायला नाय!"

"तुमचे मजूर उघड्या पायांनी तुडवतात ते चालतं वाटतं? माजे पाय तर झाकलेले हायत!"

मजूर हसले, मुकादमही हसला. मी हसलो नाही. मी खालून बघत होतो. ही टोपली डोक्यावर घेऊन दिवसभर बांधावरून धावणारी बाई, आणि त्या राशीच्या निम्म्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. तोंड उघडं. ओठ पांढरे. कोणी बघतंय असं वाटलं की पदर नीट केल्याचं सोंग करायची. संध्याकाळी बूट काढले की घोट्याच्या वर नाडीचा वण खोल रुतलेला असायचा आणि भाकऱ्या होईपर्यंत तसाच राहायचा. मी म्हटलं, बूट घट्ट बांधतेस. ती म्हणाली, "सैल बूट घट्ट कसा होईल?" दुसऱ्याच दिवशी मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो.

पनवेलच्या बाजारात एक डॉक्टर होते, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी हिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा पडला, आणि राहिला. मऊ चिखलात बोट दाबावं तसा. मग दंडाला रबरी पट्टा गुंडाळून फुग्याने हवा भरली, काचेतला पारा बघितला, परत भरली, परत बघितला.

"बाई, डोकं दुखतं का?"

"दुखतं. कोनाचं नाय दुखत?"

"दम लागतो?"

"चडताना लागतो. उतरताना नाय."

डॉक्टर जरा हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रक्ताचा दाब वाढलाय. अंगात पाणी साचतंय. मीठ बंद करायचं. कमी नाही, बंद."

ही एवढ्या मोठ्याने हसली की कंपाउंडर पडद्यातून डोकावला. "डॉक्टर, आमी मिठावर जगतो!"

"जगा. खाऊ नका."

मग तिने कैलासाचं आणि बुवांच्या गडाचं काढलं. डॉक्टर पट्टा गुंडाळत बसले. शेवटी म्हणाले, "शिमग्याच्या आधी परत या. हा खड्डा बुजला आणि पारा खाली आला तर बघू. तिथे हवा विरळ असते, बाई. इथे दम लागला तर खाली बसाल. तिथे खाली बसलात तर उठाल याची मी हमी देत नाही."

येताना ती पुढे आणि मी मागे. मला तिच्या पाठीकडे बघूनच भीती वाटत होती.

त्या दिवसापासून मिठाचं गाडगं घराबाहेर पडवीत गेलं. सुकं म्हावरं बंद, लोणचं बंद, पापड बंद. मीही तेच खायचो. दोन भांडी कोण लावणार? रोज सकाळी ती चुलीपुढे बसली की मी तिची नडगी दाबून बघायचो. खड्डा. दुसऱ्या दिवशी खड्डा. आठवडा गेला, दुसरा गेला. खड्डा तसाच. ती वैतागायची, "तुमीच दाबून दाबून पाडलात तो!" पण नंतर स्वतः गुपचूप दाबून बघायची, ते मी पाहिलंय.

माझं मन तेव्हा कसं झालं होतं ते सांगता येत नाही. खड्डा बुजला तर ती जाणार, आणि तिकडे बर्फात बसली तर उठणार नाही. नाही बुजला तर ती जाणार नाही, पण मग ती आजारी. देवापुढे हात जोडून काय मागायचं तेच मला समजेना. मागायचं टाळून मी नुसता घंटा वाजवून यायचो. कामावर फावडं चालवताना मध्येच हात थांबायचा. तिची टोपली मी बंद केली होती, ती फक्त सुट्टीत राशीवर चढायला यायची. घरी ती एकटी आहे, पडली तर? दुपारी काहीतरी निमित्त काढून घराकडे फेरी मारायचो. ती म्हणायची, "परत आलात? काय विसरलात?" मी म्हणायचो, "विडी." माझी विडी कानावर असायची.

तिच्या भावाने शिरढोणहून आपल्या बायकोला पाठवलं, हिची समजूत घालायला. भावजय तोंडाची फटकळ. आल्या आल्या सुरू झाली. "वन्सं, तुमाला झालंय काय? घरात देव नाय का? चीनच्या मुलखात मरायला चाललात!"

"चीनच्या नाय, देवाच्या."

"देव काय, पनवेलला येत नाय?"

मी मनात म्हटलं, बोल बाई, अजून बोल. मला जे बोलायची छाती नव्हती ते ही बोलत होती.

मग जेवायला बसलो. भात आणि डाळ. भावजयीने पहिला घास घेतला आणि चावायची थांबली. मग माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे.

"वन्सं, डॉक्टरानं मीठ बंद केलंय म्हनता ना?"

"केलंय की. म्हयना होत आला."

"मग ह्या भातात काय घातलंय?"

"काय नाय घातलं."

"खारट हाय!"

ही चिडली. "वैनी, माज्या घरात बसून मला खोटी पाडू नको. गाडगं तिकडं पडवीत हाय. जा, बगून ये."

"मी गाडगं कशाला बगू? मी भात खाते ना! भावजी, तुमी सांगा, खारट हाय का नाय?"

मी घास घेतला. मला अळणी लागला. रोज लागायचा तसाच. मी तसं सांगितलं. भावजयीने डाळीत बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं, आणि पाण्याचा तांब्या उचलला. पाणी पिऊन म्हणाली, "पानी तर गोड हाय. मग भातात कुठनं आलं?"

ती सहज बोलली. पण हिचा हात ताटावर थांबला. माझाही.

प्यायचं पाणी आम्ही गावाच्या वरच्या अंगाच्या विहिरीवरून आणायचो. ते लांब. रांधायचं पाणी घरामागच्या विहिरीचं. ती विहीर खाडीच्या अंगाला, पाणी मचूळ. पिववत नाही, पण डाळ-भाताला तेच घ्यायची आमच्या वस्तीत सगळ्यांचीच रीत. आजीही घ्यायची, आईही घ्यायची. त्यात शिजवलं की चव येते, असं आम्ही म्हणायचो. त्या पाण्यात मीठ आहे हे आम्हा मीठ पिकवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही. आमच्यासाठी मीठ म्हणजे पांढरं, हातात घ्यायचं, राशीवर टाकायचं. शिरढोणच्या विहिरी गोड्या, म्हणून भावजयीच्या जिभेला ते पहिल्या घासात कळलं.

"तुमच्या जिभेवर थर चडलाय गो मिठाचा," ती म्हणाली. आणि मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाय माज्या! मी हिला थांबवायला आलते, आनि मीच वाट दाकवली!"

माझी बायको हसत सुटली. कितीतरी दिवसांनी. भावजय रागाने न जेवता उठली, मग परत बसून डाळ सोडून भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या विहिरीवरून रांधायचंही पाणी आणायचं ठरलं. हिला भार वाहू द्यायचा नाही म्हणून कावड मी घेतली. खांद्यावर कावड घेऊन बाप्या माणूस पाणी भरतो म्हणून विहिरीवरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. एक म्हणाली, "काय वो, बायकोबरूबर तुमाला पन बूट घेतले का?" मी कावड उचलून चालायला लागलो. त्या पाण्यात पहिल्यांदा भात शिजला तेव्हा हिने पहिला घास थुंकला. "ह्याला अन्न म्हनायचं?" खरंच, आम्हाला तोवर अळणी म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. पण तिने तो भात खाल्ला. रोज खाल्ला. डोळे मिटून, औषध घ्यावं तसा.

आणि खड्डा उथळ व्हायला लागला. शिमग्याची लाकडं गोळा होत होती तेव्हा तर दाबला की बघता बघता भरून यायला लागला. राशीवर चढताना ती थांबेनाशी झाली. गाव तिच्यावर खूश. मी पण खूश, आणि मला झोप लागेना.

शिमग्याआधी परत पनवेलला गेलो. डॉक्टरांनी दाबून बघितलं, पारा बघितला. "बराच उतरलाय," म्हणाले. "पण हवा तेवढा नाही."

"म्हंजे जाऊ का?" तिने विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. "तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "मी काय म्हनू? डॉक्टर तुमी का मी?"

"मी इथल्या हवेचा डॉक्टर. वरच्या हवेचं मला सांगता येत नाही." मग तिला म्हणाले, "तुमचा तो गड आहे ना, तो चढा. चढून झालं की पाय काय सांगतात ते ऐका. तुमच्या नवऱ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल."

मला त्याचा राग आला. मी डॉक्टरकडे गेलो होतो ते त्याने "नाही" म्हणावं म्हणून. तो नाही म्हणाला असता तर ती त्याच्यावर चिडली असती, माझ्यावर नाही.

शिमगा झाल्यावर प्रबळला गेलो. पहाटे पायथ्याला पोचलो. बुवा, टोळीतली माणसं, आम्ही दोघं. प्रत्येकाच्या पाठीला बोचकं. बुवांचा नियम होता, भार पाठीवरच पाहिजे. बर्फाच्या वाटेवर डोक्यावर भार घेतला की तोल गेला. हिने पहिल्या वळणापर्यंत पाठीवर ठेवलं आणि मग सरळ डोक्यावर घेतलं.

"बाई, पाठीवर!"

"बुवा, डोक्यावर घेतलं की मान ताठ राहते. पाठीवर घेतलं की मी म्हातारी दिसते!"

बुवासुद्धा हसले. मग तिने निमूटपणे पाठीवर घेतलं. माचीवरच्या ठाकरांच्या घरांपर्यंत ती मधल्या घोळक्यात होती. पुढे चढ अंगावर येतो, दगडांतून पाय शोधावा लागतो. तिथे ती एकेकाला मागे टाकत गेली. माझे गुडघे बोलत होते, मी सगळ्यांच्या मागे. वर झाडीत तिचं लुगडं दिसायचं, मग दिसेनासं व्हायचं, आणि दिसेनासं झालं की मी दगडाला हात टेकून उभा राहायचो. कुठून आरडाओरडा ऐकू येतो का, कान देऊन बघायचो. नुसते पक्षी ओरडायचे.

वर पोचलो तेव्हा बुवा सगळ्यांसमोर म्हणत होते, "या बाई येणार. या नक्की येणार." लोक तिच्याकडे कौतुकाने बघत होते. तिचा चेहरा लाल झाला होता, पण दम लागलेला नव्हता. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. बुवा चणे-गूळ वाटायला लागले, सगळे तिकडे वळले. हिने खडे गेलेत म्हणून बूट काढला. मग अंगठा नडगीवर ठेवला आणि दाबला.

खड्डा पडला. चांगला चिंचोक्याएवढा. आम्ही दोघं बघत राहिलो. भरून येईल, आता येईल. तिने आपली नजर त्यावरून हलवली नाही. तो भरेना. मग तिने माझ्याकडे बघितलं.

कोणी पाहिलं नव्हतं. बुवांनी हो म्हटलं होतं. डॉक्टर खाली पनवेलला. ती गप्प राहिली असती तर ज्येष्ठात गेलीच असती. बोललो तर तिचं सगळं गेलं, नाही बोललो तर तीच जाईल. मला शब्द सापडेपर्यंत तिने बूट घातला, नाडी बांधली आणि उठून बुवांपुढे जाऊन उभी राहिली.

"बुवा, माजं नाव काडा."

"का? तुम्ही तर सगळ्यांच्या आधी आलात!"

तिने तिथेच बूट काढला, पाय पुढे धरला आणि अंगठा दाबून दाखवला. बुवा सोवळे माणूस, परक्या बाईच्या पायाकडे बघायला संकोचले. पण बघितलं. "हे जाईल थोड्या वेळानं," ते म्हणाले.

"जाईल. आनि तिथं परत येईल. मग मी बसेन, आनि माज्यापायी तुमी सगळे बसाल. त्यापेक्षा इथंच बसलेली बरी."

बुवांनी मान डोलावली. मग मला म्हणाले, "तुम्ही येता का मग?" मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "जा तुमी." मी नाही म्हटलं. मला त्या पाण्याचं काही नव्हतं. मला ही घरी हवी होती.

उतरताना ती पुढे, झपझप. मागे वळून बघेना. माचीवर एका ठाकरणीने पाणी पुढे केलं तेही घेतलं नाही. मला एवढं हलकं वाटत होतं की गुडघेसुद्धा दुखेनात. ते हलकेपण पोटात ठेवायला हवं होतं, पण राहवेना. मी म्हटलं, "बरं झालं."

ती वळली. "काय बरं झालं? मी मेले नाय ते, का मी गेले नाय ते?"

मी पायाखालचे दगड बघत उभा राहिलो. तीही उभी राहिली, उत्तराची वाट बघत. मग बोचकं सावरून चालायला लागली.

टोळी ज्येष्ठात गेली आणि सुखरूप परत आली. पुढे काही वर्षांनी ती वाट बंद झाली, तेव्हा विषयच मिटला. पण आमच्यात मिटला नाही. मी म्हणायचो, तू गेली नाहीस म्हणून एवढी वर्षं जगलीस. ती म्हणायची, गेले असते तरी जगले असते, वर आणखी बघून आले असते. मी म्हणायचो, पाय विसरलीस? ती म्हणायची, पाय माझे, मला विसरायचे तर विसरेन. कधी हसत, कधी भांडून, ताटावर, बाजारात, पाहुण्यांसमोर. वर्षानुवर्षं.

आता ते भांडण माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलंय. माझी बाजू मला पाठ आहे. तिची बाजू बोलायला जातो तर माझ्याच आवाजात येते, आणि ती तशी बोलायची नाही.